नव्या पूर्णेहून आलेली

"नीट बघा, लिंगराजअप्पा. घाई न्हाई," दत्तराव म्हणाला. "ही तुमची मुलगी हाय का?"

टेबलापलीकडे बाई उभी होती. केस मुळापासून कापलेले, अंगात करडा सदरा, छातीवर शिवलेला नंबर. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. लिंगराजनं आधी त्या हाताकडं पाहिलं, मग चेहऱ्याकडं. बारा वर्षांत ती त्याच्या आईसारखी दिसायला लागली होती.

"अप्पा," ती म्हणाली.

लिंगराजनं नजर तिच्या छातीवरच्या नंबरावर नेली.

येलदरीच्या वीजघरात त्याची पस्तीस वर्षं गेली होती. टर्बाइनच्या आवाजानं एक कान गेला होता. त्याची मुलगी शिवरंजनी शाळेतून सुटली की वीजघराच्या फाटकाशी येऊन बसायची. नऊ वर्षांची असताना तिनं पाण्याचा पंप एकटीनं खोलून परत जोडला होता, आणि लिंगराजनं तो किस्सा सगळ्या पाळ्यांना सांगितला होता. पुढं परग्रहांवरच्या वसाहतींना पंप दुरुस्त करणारी माणसं हवी झाली, तेव्हा जिल्ह्यातल्या चारशे जणांबरोबर तीही गेली. दुसऱ्या एका ताऱ्याजवळची ती वसाहत. या लोकांनी गावच्या पूर्णा नदीवरून तिला नवी पूर्णा म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. प्रकाशाला मागं टाकणारं जहाज तिथं नऊ दिवसांत पोचायचं. बिनतारी संदेशाला मात्र एकतीस वर्षं लागली असती. म्हणून पत्रं, निरोप, चांगली-वाईट बातमी, सगळं जहाजातूनच यायचं. 'इथली माती निळसर हाय, पण ज्वारी येते,' असं तिनं पहिल्या पत्रात लिहिलं होतं.

चार वर्षांपूर्वी वसाहतींनी खनिज पाठवायचं बंद केलं आणि आपलं सरकार आपण चालवू म्हणून कळवलं. लढाई सुरू झाली. नव्या पूर्णेतला प्रत्येक माणूस, तो पंप दुरुस्त करणारा का असेना, शत्रू ठरला. इकडं सक्तीच्या भरतीत शिवरंजनीचा धाकटा भाऊ शिवप्रकाश गेला आणि त्याची पलटण नेमकी त्याच ग्रहावर पाठवली. महादेवी, लिंगराजची बायको, रोज पूजेत दोघांची नावं एका श्वासात घ्यायची.

आता नवी पूर्णा पडली होती. धरून आणलेली माणसं चारठाण्याच्या रस्त्याला, कापसाच्या जुन्या गोदामात ठेवली होती. दत्तराव तिथला नोंदणी अधिकारी. सोनपेठचा, मऊ बोलणारा माणूस. शिवरंजनीनं बापाचं नाव सांगितलं होतं, म्हणून त्यानं लिंगराजला ओळख पटवायला बोलावलं होतं.

"कायदा तुमाला म्हाईत हाय," तो म्हणाला. "रक्ताच्या माणसानं ओळखलं तर कैदी घरी जातो. गावाभाईर जायचं न्हाई, एवढंच. पण घरावर शत्रूचे सोयरे म्हणून शिक्का बसतो. त्या घरातला कुणी फौजेत असला तर त्याची बदली पहिल्या उतराईत हुते."

पहिली उतराई म्हणजे शत्रूच्या ग्रहावर आधी उतरणारी तुकडी. तिच्यातून परत आलेला माणूस जिल्ह्यात कुणी पाहिला नव्हता.

"आन् न्हाई ओळखलं तर?" लिंगराजनं विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं.

"तर बेवारस. बर्फाच्या खाणी. ते जहाज रिकामंच परत येतं."

शिवरंजनी ऐकत होती. भरतीचा कायदा तिच्या जाण्यानंतरचा, आणि भाऊ फौजेत गेल्याचं तिला कुणी कळवलेलंच नव्हतं. शत्रूच्या मुलखात पत्रं जात नव्हती.

लिंगराजनं टेबलाच्या कडेला हात ठेवला.

"न्हाई," तो म्हणाला.

"नीट सांगा. लिहून घ्यायचंय मला."

"ही माझी मुलगी न्हाई."

"अप्पा, मी रंजी," ती म्हणाली. आवाज अजून रागाचा नव्हता, समजावल्यासारखा होता. "केस कापल्यात म्हणून वळखू येईना का? बोटं पंपात गेली. मी रंजी हाय."

दत्तरावनं कागद पुढं सरकवला. लिंगराजनं सही केली. शिपाई बाई तिला न्यायला आली, तेव्हा ती वळली. दारापाशी मात्र थांबली.

"आई बरी हाय का?"

लिंगराजच्या तोंडात 'हाय' आलं होतं. पण सहीची शाई ओली होती, आणि दत्तराव त्याच्या तोंडाकडं बघत होता. लिंगराजनं मान खाली घातली. ती थोडा वेळ उभी राहिली, मग गेली.

घरी त्यानं महादेवीला सांगितलं, की वीजघराच्या कामानं जिंतूरला गेलो होतो. तिनं भाकरी वाढली. त्यानं ती खाल्ली. आपण खाऊ शकतो याचंच त्याला नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागसेन पोस्टमन वीजघराच्या फाटकावर आला. नेहमी लांबून हाक मारणारा हा माणूस आज जवळ येईपर्यंत बोलला नाही.

"अप्पा, टपाल तपासणीत अडकलं व्हतं दोन दिस. कैद्यांच्याच जहाजातून आलंय," तो म्हणाला आणि जाडं पाकीट हातात देऊन तिथंच उभा राहिला.

आत छापील पत्र होतं. शिवप्रकाश लिंगराज, नव्या पूर्णेच्या वेढ्यात मृत्यू, तेरा दिवसांपूर्वीची तारीख. पत्राबरोबर त्याच्या गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी होती, लिंगायत माणसाच्या अंगावरून जी मेल्यावरही काढत नाहीत ती.

लिंगराजनं तारीख दोनदा वाचली. काल त्यानं सही केली, त्याच्या कितीतरी आधी पोरगा गेला होता. ज्या जहाजातून ती आली, त्याच जहाजात, पोत्यात, ही बातमी पडून होती. ज्याला वाचवण्यासाठी तो खोटं बोलला, तो वाचवण्यापलीकडं गेलेला होता.

त्यानं नागसेनची मोटारसायकल मागितली. तोंडानं नीट मागताही आली नाही. नागसेननं किल्ली हातात दिली.

दत्तरावनं पत्र वाचून टेबलावर पालथं ठेवलं.

"मी खोटी सही केली," लिंगराज म्हणाला. "त्याची काय शिक्षा असंल ती द्या. पर तिला सोडा."

"कागद अजून माझ्याकडंच हाय. गाड्या दुपारी निघायच्यात." दत्तराव दाराकडं बघून हळू बोलला. "तुमी हो म्हणा, तिनंबी हो म्हणावं. मी हा फाडतो, दुसरा लिहितो. कुणाला कळायचं न्हाई."

तिला आणलं. ती कालच्याच जागी उभी राहिली.

"रंजे, चल घरी," लिंगराज म्हणाला. "माझं चुकलं."

"काल काय झालं व्हतं?"

"शिवा फौजेत व्हता. काल हो म्हणलो असतो, तर त्याला पहिल्या उतराईत घातलं असतं."

तिचा चेहरा क्षणभर सैल झाला. लहान असताना पाळी संपवून येणाऱ्या बापाला बघून व्हायचा तसा. लिंगराजला वाटलं, झालं, सुटली.

"मंग आज कामून आलाव?" तिनं विचारलं.

त्याला खोटं सांगता आलं असतं. पण कालच्या खोट्यानं त्याच्यातलं सगळं संपवलं होतं. त्यानं खिशातून डबी काढली. तिनं ती तीन बोटांच्या हातात घेतली, उघडली, बंद केली, डोळ्यांना लावली.

"म्हंजे शिवा गेला म्हणून आलाव," ती म्हणाली.

"तसं न्हाई, रंजे."

"तो असता तर आला असता का?"

लिंगराजनं डबीकडं पाहिलं. ती वाट बघत राहिली, काल दारापाशी राहिली होती त्यापेक्षा जास्त वेळ. मग तिनं डबी टेबलावर ठेवली, हळूच, त्याच्या बाजूला.

"बोला बाई," दत्तराव म्हणाला. "हे तुमचे वडील हायत का?"

"न्हाई."

"बाई, तिथून कुणी परत येत न्हाई. नीट इचार करा."

"केलाय इचार. मी या माणसाला वळखत न्हाई. लिहा तुमी."

लिंगराज खाली बसला. टेबलाचा पाय धरून तो तिचं नाव घेत राहिला. शिपाई बाईनं तिच्या दंडाला धरलं, तसं शिवरंजनीनं वाकून, फक्त त्याच्या चांगल्या कानाला ऐकू जाईल इतक्या हळू सांगितलं, "मी आले व्हते हे आईला सांगू नका."

तरी दत्तरावला ते ऐकू गेलं. त्यानं कागदावर शिक्का मारला.

लिंगराज घरी पोचला तेव्हा महादेवी ज्वारी निवडत होती. त्यानं डबी तिच्या पुढ्यात ठेवली. सांगावं काही लागलं नाही. पहिला आकांत ओसरायला किती वेळ गेला, हे त्याला पुढं कधी आठवलं नाही. शेजारणी येऊन बसल्या. महादेवीनं डबी मुठीत धरली होती.

"त्याच्यासंगं का न्हाई ओ पुरलं हे?" ती विचारत होती. "लिंगाबिगर कसं पुरलं त्यांनी माझ्या लेकराला?"

हळूहळू तिचा आवाज बसला. मग एकाएकी तिनं मान वर केली.

"रंजीला कोण सांगंल?" ती म्हणाली. "तिनं काखेत घेऊन वाढवला त्याला. तिला कळाय पायजे. तिला कोण सांगंल ओ?"

बाहेर धरणाच्या रस्त्यानं गाड्या जायला लागल्या होत्या. ताडपत्री लावलेल्या, एकीमागं एक, पलीकडच्या माळावर उभ्या असलेल्या जहाजाकडं. भांडी थरथरली. महादेवी नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती.

लिंगराज उठला आणि खिडकी लावून घेतली.

"धूळ यायलीय," तो म्हणाला.