खांब नंबर चौदा

"काका, वर काय बघताय? कॅलेंडर खाली आहे. अगदी खाली, डाव्या कोपऱ्यात."

नाथा भोईर सवयीनं भिंतीकडे बघत होता. क्षिप्रा हसली. त्यालाही हसू आलं. संगणकाच्या पडद्यावर तो पाच मिनिटं कॅलेंडर शोधत होता आणि ते लिफाफ्याच्या चित्राशेजारी निवांत बसलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

बाळकुमच्या त्या दोनशे बारा फ्लॅटांच्या सोसायटीत नाथा चौदा वर्षं ऑफिस सांभाळत होता. लिफ्टवाला कधी येणार, टाक्या कधी धुवायच्या, हॉल कुणाला दिलाय, सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत त्याच्या बारीक अक्षरात असायचं. पण मागच्या वर्षी सोमण साहेब सेक्रेटरी झाले. हरिहर सोमण मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे, मनानं वाईट नव्हेत. त्यांनी मे महिन्यात फर्मान काढलं, की यापुढे सगळा पत्रव्यवहार ईमेलवर आणि सगळ्या तारखा संगणकात. भिंतीवर काही टांगायचं नाही. नाथाला शिकवायला त्यांनी बी विंगमधल्या क्षिप्राला गळ घातली. ती घरूनच काम करायची आणि तिला नाथाकाकांबद्दल माया होती.

तीन दुपारी शिकवणी चालली. डावीकडच्या पट्टीत आलेली पत्रं, पाठवलेली पत्रं, कचरा. मधल्या पट्टीत पत्रांची यादी. उजवीकडे उघडलेलं पत्र. नाथाला पहिल्या दिवशी घाम फुटला. दुसऱ्या दिवशी त्यानं आपली युक्ती काढली. या सोसायटीच्या खाली त्याचं जुनं गाव होतं. कुठल्या इमारतीखाली कुणाचं खळं होतं, कुठल्या पार्किंगमध्ये विहीर होती, ते तो आजही डोळे मिटून सांगू शकला असता. तसंच हेही एक गाव धरायचं. डावी पट्टी म्हणजे आळी, आळीत घरं, घरात माणसं. वाट चुकली तर पुन्हा वेशीवर यायचं आणि नव्यानं निघायचं. त्यानंतर तो फारसा चुकला नाही.

"आता एकदम मस्त गोष्ट," क्षिप्रा तिसऱ्या दिवशी म्हणाली. "जे दरवर्षी असतं ना, ते एकदाच टाकायचं आणि इकडे 'रिपीट' करायचं. आधी पंधरा दिवस आठवणपण येणार. तुम्हाला काही लक्षात ठेवायलाच नको."

नाथानं भिंतीवरून उतरवलेलं कॅलेंडर मांडीवर घेतलं होतं. पान उलटत तो एप्रिलवर आला.

"ही घाल. गावदेवीची पालखी. संध्याकाळी सहा वाजता, बी विंग पार्किंग, खांब नंबर चौदा."

"डेट?"

"बारा एप्रिल," नाथानं चौकोनातलं वाचून सांगितलं. आणि क्षिप्रानं तेच टाकलं. बारा एप्रिल, दरवर्षी.

खांब नंबर चौदाची गोष्ट एवढीच, की तिथं भोईरांच्या घराचा उंबरा होता. चैत्री पौर्णिमेला गावदेवीची पालखी निघाली, की त्या दारात पाच मिनिटं टेकायची. घरची मोठी सून भोयांच्या पायांवर पाणी घालायची आणि देवीला ओवाळायची. जमीन बिल्डरला दिली तेव्हा नाथाच्या वडिलांनी एकच गोष्ट मागितली होती, ती म्हणजे वर्षातून एकदा पालखी आत येऊ द्यायची. बिल्डर हो म्हणाला. कागदावर काही नव्हतं. वडील गेले, बिल्डर दुसरीकडे इमारती बांधायला गेला. पण पालखी दरवर्षी दोन गाड्यांच्या मधून आत यायची, खांबाशी टेकायची, आणि नाथाची आई जाईबाई प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून ओवाळायची. आता ती शहाऐंशी वर्षांची होती.

जानेवारीत सोमण साहेबांनी विचारलं, "नाथा, मुख्य फाटकाचं काँक्रीट करून घ्यायचं आहे. पाच दिवस फाटक बंद राहील. एप्रिलचा पहिला आठवडा मोकळा आहे का बघा."

नाथानं ऐटीत कॅलेंडर उघडलं. पहिला आठवडा कोरा करकरीत. बारा तारखेला पालखी, ती लांब. त्यानं ठेकेदाराला स्वतःच्या हातानं ईमेल पाठवला. मार्चअखेर पडद्याच्या कोपऱ्यात आठवणीची खिडकी उघडली, की पालखीला पंधरा दिवस आहेत, तेव्हा त्याला संगणकाचं कौतुकच वाटलं. बघा, यंत्राला आहे देवीची काळजी.

मंगळवारी, एकतीस मार्चला, फाटक खोदलं. संध्याकाळी नाथा घरी आला. उरलेल्या गावठाणातल्या दोन खोल्यांच्या घरात जाईबाई दारातच बसली होती.

"फुलां सांगितलीस का रं?" तिनं विचारलं.

"कसली फुलं?"

"कसली म्हंजे? परवा पुनव नाय का? पालकी नाय का परवा?"

नाथाच्या तोंडचं पाणी पळालं. तो आत गेला आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर उभा राहिला. दोन एप्रिलच्या चौकोनात गोल पांढरा चंद्र होता. चैत्र पौर्णिमा. तिथी कधी इंग्रजी तारखेला बांधलेली असते का? हे त्याला जन्मापासून ठाऊक होतं. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण वर्षभर तो भिंतीकडे बघायचाच विसरला होता.

"काय झालां?" जाईबाई बाहेरून म्हणाली.

"काय नाय, आये. सांगतो फुलं."

तिला सांगायचा त्याला धीर झाला नाही. तो चपला घालून तसाच सोमण साहेबांच्या दारात जाऊन उभा राहिला आणि सगळी चूक स्वतःवर घेतली.

सोमणांनी शांतपणे ऐकून घेतलं. "झालं ते झालं," ते म्हणाले. "पण फाटक खोदलेलं आहे. उद्या चार वाजता काँक्रीट पडणार. त्यावर तीन दिवस पाय ठेवता येणार नाही. मागच्या छोट्या दारानं पालखी येईल का?"

"नाय साहेब. मागच्या दारानं देवी येत नाय."

"मग या वर्षी बाहेरूनच जाऊ दे. एक वर्ष चुकलं तर काय होतं?"

एक वर्ष चुकलं तर काय होतं, ते नाथाला पक्कं ठाऊक होतं. पुढच्या वर्षी कुणीतरी म्हणतं, मागच्या वर्षी आली नव्हती, तेव्हा काही अडलं का? कागदावर नसलेली गोष्ट अशीच मोडते. आणि आईच्या हातून पुढच्या वर्षीचं ओवाळणं होईल की नाही, हे कुणी सांगावं?

बुधवारी सकाळी नऊला त्यानं ऑफिस उघडलं. आधी बारा एप्रिलची नोंद पुसली आणि दोन तारखेला नवी केली. मग तो विचारात पडला. एकाला ईमेल जमायचा, पण सगळ्यांना एकदम कळवायचं कसं? समितीच्या सभेला माणसं बोलवायचं बटण क्षिप्रानं दाखवलं होतं, तेवढं त्याला येत होतं. त्या नव्या नोंदीवर त्यानं ते दाबलं. यादीतून 'सर्व सदस्य' निवडलं. खालच्या रिकाम्या जागेत एका बोटानं लिहायला त्याला तास लागला.

"इथं आमच्या घराचा उंबरा होता. पालखी दरवर्षी इथं पाच मिनिटं थांबते. या वर्षी तारीख माझ्याकडून चुकली आणि फाटक खोदलं गेलं. चूक माझी आहे, देवीची नाही. अर्धं फाटक एक दिवस मोकळं राहिलं तरी पालखी येईल. आपला, नाथा भोईर, ऑफिस."

साहेबांना विचारलेलं नव्हतं. नोकरीची तीन वर्षं उरली होती. त्यानं एकदा खिडकीतून खोदलेल्या फाटकाकडे पाहिलं आणि पाठवलं.

अकरा वाजता क्षिप्रा धापा टाकत खाली आली. "काका, हे काय केलंत?"

"चुकलं का?"

"अहो, तुम्ही मेल नाही, मीटिंग पाठवलीत! सगळ्यांना तीन बटणं गेली आहेत. येतो, बहुतेक येतो, येत नाही. प्रत्येकाला उत्तर द्यावं लागणार!"

नाथाच्या पाचावर धारण बसली. देवी येणार, आणि त्यानं दोनशे बारा घरांना विचारलं होतं, तुम्ही येता का? आणि नाही म्हणायलाही बटण दिलं होतं.

"थांबा," क्षिप्रा म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. "बघू तरी."

एकेक उत्तर येऊ लागलं. एफ विंगच्या एकानं 'येत नाही' दाबून खाली लिहिलं होतं, "गाडी कुठे लावू ते आधी सांगा." एकानं विचारलं होतं, नाथा भोईर कोण? त्याला दुसऱ्याच कुणी उत्तर दिलं होतं, "तुझी पार्सलं चौदा वर्षं सांभाळतो तो." मग ए विंगच्या देशपांडे बाई, येतो. सी विंगमधले नवे केरळी नवराबायको, येतो. ज्यांना नाथा फक्त दारावरच्या पाट्यांवरून ओळखत होता, त्यांचीही नावं येत होती. दुपारी दोनपर्यंत येतो म्हणणारे त्रेचाळीस झाले. नऊ जण बहुतेक, चार जण नाही. बाकी दीडशे घरं गप्प. नाथा प्रत्येक नाव पुटपुटत वाचत होता.

अडीच वाजता सोमण साहेब ऑफिसात आले. चेहरा कडक.

"नाथा, तुम्ही देवीला यायला सदस्यांची परवानगी मागितलीत?"

"चुकून झालं साहेब. मला पत्र पाठवायचं होतं."

"आणि मला न विचारता."

"हो साहेब. ते चुकून नाही."

सोमणांनी चष्मा काढून पुसला. "उंबऱ्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "मला वाटायचं, पार्किंग मोठं आहे म्हणून तुम्ही लोक तिथं थांबता." ते दारापर्यंत गेले आणि वळले. "ठेकेदाराला सांगितलं आहे. डावी बाजू आज, उजवी बाजू शुक्रवारी. उजवीकडे फळ्या टाकून घ्या. पाच फूट पुरतील का?"

"पुरतील साहेब. आमच्या गल्ल्या चारच फुटांच्या होत्या."

ते गेल्यावर क्षिप्रानं पडद्याकडे बोट दाखवलं. चव्वेचाळिसावं नाव एच. सोमण होतं.

गुरुवारी सहाला ढोल वाजला. फळ्यांवरून भोई सावकाश आत आले. साठ-सत्तर माणसं गाड्यांच्या मधून दाटीवाटीनं उभी होती. कितीकांना हात जोडायचे की टाळ्या वाजवायच्या तेही कळत नव्हतं. जाईबाई खुर्चीवरून उठली. एका हातानं तिनं खांब धरला, दुसऱ्या हातातल्या तांब्यातून भोयांच्या पायांवर पाणी घातलं. ओवाळताना ताट एका बाजूला कललं. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या सोमण साहेबांनी ताटाला खालून हात लावला.

पालखी उठल्यावर ती नाथाला म्हणाली, "अवरी मानसां कुठशी आनलीस रं?"

"मी नाय आनली, आये. आली."

"औंदा घर भरल्यावानी वाटला," ती म्हणाली आणि खांबावर हात फिरवत थोडा वेळ तशीच उभी राहिली.

सोमवारी दुपारी नाथानं क्षिप्राला बोलावलं. तिनं इंटरनेटवरून पुढच्या वीस वर्षांच्या चैत्री पौर्णिमा काढून दिल्या. वीस एप्रिल, नऊ एप्रिल, अठ्ठावीस एप्रिल. कुठं अधिक महिना, कुठं नाही. 'रिपीट' बटणाला त्यानं हात लावला नाही. एकेक वर्ष उघडायचं, एकेक तारीख घालायची, असं त्यानं ठरवलं होतं. आपण इथं नसू तेव्हा या खुर्चीवर जो कुणी बसेल, त्याच्यासमोर खिडकी उघडली पाहिजे.

प्रत्येक नोंदीखाली तो तेच लिहीत होता. "फाटक मोकळं ठेवणे. खांब चौदाजवळच्या गाड्या हलवणे. एक खुर्ची, आईसाठी."

क्षिप्रा शेजारी बसून तारखा वाचून दाखवत होती. पाच वर्षं झाली, सात झाली, नऊ झाली. दहाव्या वर्षाला नाथाचं बोट थांबलं. त्यानं ओठ हलवत शहाऐंशीपासून पुढं मोजलं. बाहेर फाटकाच्या उजव्या बाजूच्या ओल्या काँक्रीटवर वॉचमन पाणी मारत होता.

"काय झालं, काका?"

"काही नाही. तारीख सांग."

तिनं तारीख सांगितली. नाथानं ती घातली. फाटक मोकळं ठेवणे. खांब चौदाजवळच्या गाड्या हलवणे. मग जरा थांबून त्यानं लिहिलं, "एक खुर्ची." आणि पुढचं वर्ष उघडलं.