जुळवलेली बोटं

मास्तरांनी डाव्या हाताने फेलिसाचा गाऊन ओढला. उजवा हात अर्धांगाच्या झटक्यानंतर मेलाच होता.

"इंदाय, मुतायला लागलंय गं," ते म्हणाले. किनाराय-आ बोलीत म्हणाले; इंदाय म्हणजे पोरी. मियागावात मासळी विकणाऱ्या बाया बोलतात त्या बोलीत.

फेलिसा पेजेत आलं ठेचून घालत राहिली. टेबलावर बरणीला टेकवून फोन उभा केला होता. त्यातून मास्तरांची मुलगी एव्हँजेलिन शिकागोहून बघत होती.

"उत्तर देऊ नकोस हं, फेलिसा," ती इंग्रजीत म्हणाली. "डॅडींना इंग्रजीतच मागू दे. आपण त्या बोलीत ओ देत राहिलो, तर त्यांचं इंग्रजी कधीच परत यायचं नाही."

"येस, मॅम."

चाळीस वर्षं या माणसाने गावाला इंग्रजी शिकवलं. झटका आला आणि त्याच्या डोक्यातून नेमकं तेवढंच पुसून गेला. उरली आईची बोली. ही बोली वर्गात कुणाच्या तोंडून निघाली, की मास्तर त्याला पाचही बोटं जुळवून पुढे करायला लावत आणि शेंड्यांवर लाकडी पट्टी हाणत.

पट्टीचं फेलिसाला काही वाटत नसे. चौथीतली एक सकाळ मात्र पन्नाशी उलटली तरी तिच्या अंगावरून उतरली नव्हती. 'मे आय गो आउट.' चार शब्द. पाठ होते. त्या दिवशी जिभेवर एकही येईना. तिने घरच्या बोलीत विचारलं. मास्तर खडू हातात धरून म्हणाले, "इंग्रजीत माग. आम्ही थांबलोय." आणि खरंच थांबले. अख्खा वर्ग थांबला. मग बाकाच्या फटीतून धार खाली आली. सगळ्यात आधी हसली ती पहिल्या बाकावरची एव्हँजेलिन. आज तिला ते आठवतही नसेल. हसणाऱ्याच्या अंगावर कुठे वळ उठतात?

आणि त्याच इंग्रजीवर फेलिसाने सिंगापुरात बारा वर्षं लोकांची पोरं वाढवली. परदेशी कामाला बाया पाठवणाऱ्या एजंट बाईने गावातल्या आठ जणींना इंग्रजीत बोलतं केलं आणि हिला एकटीला उचललं. घरावर पत्रे चढले ते त्या जोरावर. मास्तरांना शिवी द्यायला तोंड उघडावं आणि डोक्यावरचे पत्रे दिसावेत. ज्या हाताने थोबाडलं त्याच हाताने घास भरवला, तर माणसाने थुंकायचं कुठे?

"इंदाय, अगं आता धरवत नाही..."

"इंग्रजीत मागा, मास्तर."

मॅमचा हुकूम होता, हे खरं. तो पाळताना तिला गोड लागत होतं, हेही खरं.

"एवढं मऊ नको गं," फोनमधून आवाज आला. "जरा दरडावून."

फेलिसाने चमचा ठेवला. मास्तरांच्या पुढ्यात ताठ उभी राहिली आणि इंग्रजीत, मास्तरांच्याच त्या वर्गातल्या आवाजात म्हणाली, "इंग्रजीत माग. आम्ही थांबलोय."

म्हाताऱ्याने गाऊन सोडला. पाठ सरळ केली. तो तिच्याकडेच बघत होता, पण मान इतकी वर करून, जणू कुणी फार उंच माणूस समोर उभा होता.

"मास्तरीणबाई, मारू नका," तो बोलीत पुटपुटला. "उद्या पाठ करून येतो. आईची शप्पथ."

आणि त्याने डाव्या हाताची पाचही बोटं जुळवून पुढे केली.

बांबूच्या खुर्चीच्या फटीतून धार खाली गळू लागली. फेलिसाच्या सपातेपर्यंत आली. ती हलली नाही.

"काय झालं? काय म्हणाले डॅडी?" फोनमध्ये फक्त खांद्यावरचं दिसत होतं. पुटपुटणं तिथवर पोचलं नव्हतं. "हात वर केला का त्यांनी? फेलिसा, सांग ना!"

फेलिसाने ती बोटं आपल्या मुठीत झाकून घेतली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, पुरे. आता मिटवावं हे.

"बोलले, मॅम," ती म्हणाली. "मे आय गो आउट म्हणाले. अख्खं वाक्य."

एव्हँजेलिन किंचाळली. मग रडली. मग नाक पुसून म्हणाली, "बघितलंस? मी सांगत नव्हते? कडक राहिलं की येतं! आता मागे हटायचं नाही. उद्यापासून जेवणसुद्धा. इंग्रजीत मागितल्याशिवाय घास द्यायचा नाही. पाणीही नाही. मी फोन दिवसभर चालूच ठेवते, म्हणजे तुलाही धीर येईल."

"येस, मॅम."

फेलिसाने मूठ उघडली. आत बोटं तशीच जुळलेली होती. शेंडे वर करून थांबलेली.