पगारकाकांचा पगार

रिकाम्या डब्यांच्या थप्पीमागे उकिडवे बसून पगारकाका फोनवर कुजबुजत होते. वसुलीवाल्याचा हा आठवड्यातला पाचवा फोन. आधीचे चार त्यांनी संडासात घेतले होते, पण आज तिथे रांग होती.

पत्र्याचे डबे बनवणाऱ्या त्या कारखान्यातल्या तीनशे माणसांचा पगार काकांच्या हातून निघे. बावीस वर्षांत एका पैशाची चूक नाही, ही त्यांची ऐट. त्यामुळे लेकीच्या नर्सिंगसाठी काढलेल्या कर्जाचे तीन हप्ते थकलेत हे इथे कुणाला कळलं तर काय, या विचाराने त्यांचा जीव टांगणीला लागला होता. ज्याला स्वतःचं निस्तरता येत नाही त्याच्यावर लोक काय म्हणून विश्वास ठेवतील, असं त्यांना वाटे.

वसुलीवाला आज फार गोड बोलत होता. एक तारखेपासून तुमचा निम्मा पगार कापला जाईल, म्हणाला. तुमच्या पगार विभागाशी बोलणं झालंय.

"कोणाशी झालं?" काकांनी विचारलं.

"तिथल्या मुख्य माणसाशी. भला माणूस आहे. लगेच हो म्हणाला."

पगार विभाग म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि काका, एवढाच कारभार होता. काकांना असं काही हसू फुटलं की पाठीमागची थप्पी हलली आणि वरचे दोन डबे खाली आले.

"अहो, तो भला माणूस मीच," ते म्हणाले. "आणि मी काही हो म्हणालेलो नाही. कोर्टाचा हुकूम आहे का तुमच्याकडे?"

मग काकांची गाडी सुरू झाली. हुकुमाशिवाय पगाराला हात लावता येत नाही, आणि हुकूम आला तरी घर चालेल एवढं सोडावंच लागतं. देणं किती ते हिशेबासकट लेखी पाठवा, मी हप्ता बांधून देतो, बुडवणारा नाही. आणि कामावर फोन करायचा नाही. कामगारांना सांगून सांगून हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय. वसुलीवाल्याने 'बघतो' म्हणून फोन ठेवला.

काकांनी लगेच घरी कळवलं.

"म्हणजे तीन महिने तुम्ही स्वतःलाच घाबरत होतात?" बायको म्हणाली आणि फोनवरच खो खो हसली.

शीळ घालत ते टेबलाशी आले. त्या वसुली कंपनीचं नाव कुठेतरी वाचल्यासारखं वाटत होतं, म्हणून त्यांनी फाइल उघडली. त्यात डब्यांना झाकणं बसवणाऱ्या मावशीचा पगार कापा, असं त्याच कंपनीचं एक पत्र होतं. लाल ठळक अक्षरं, खाली वकिलाचं नाव, कोर्टाचा शिक्का मात्र कुठेच नाही. वर काकांच्याच अक्षरात 'कापावे' आणि सही. वर्षअखेरीच्या घाईत केलेली. सहा महिने मावशीचा पगार कापला जात होता, आणि तिने कधी चकार शब्द काढला नव्हता.

काकांची शीळ थांबली. त्यांनी कापलेले पैसे परत देण्याचा अर्ज काढला. त्यात 'चूक कोणाची' असा एक रकाना होता. तिथे 'संगणकाची' असं लिहायची पद्धत होती. काकांनी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

अर्ज घेऊन आलेल्या काकांचं सगळं मावशीने मशीन बंद करून ऐकून घेतलं. बोट ठेवून तिने तो रकाना वाचला.

"मला वाटलं, तुम्ही कापलंत म्हणजे बरोबरच असणार," ती म्हणाली.

काकांना वाईट वाटलं, फार वाटलं. त्यांनी पेन पुढे केलं. मावशी स्टुलावर बसून सावकाश सही करत होती, आणि तिची सही होईपर्यंत काका साहेबापुढे उभं राहावं तसे तिच्यापुढे उभे राहिले.