हायेत सगळी

मी मलमपट्टी बोलतेय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर तुम्हाला वेळ मिळणार नाही.

मी एक पत्ता आहे. रमीतला नव्हे, सुपरहिरोंच्या खेळातला. चार जण चार सुपरहिरो घेतात आणि सगळे मिळून एका दुष्टाशी लढतात. प्रत्येकाला बारा प्राण, दुष्टाला शंभर. चौघांतल्या एकाचे जरी प्राण संपले तरी चौघंही हरले. या सगळ्यात मी काय करते? कुणालाच मारत नाही. ज्याच्यापुढे पडते त्याला तीन प्राण परत देते. एवढंच. आणि या 'एवढंच'ची मला काडीची लाज वाटत नाही.

मला छापलं तेव्हाच दुजाभाव झाला. ज्यांच्या चित्रात कुऱ्हाडी आणि विजा, त्यांना चकाकता कागद. मला साधा. माझ्या चित्रात एक बाई गुडघे टेकून बसलीय, हातात पट्टी, डोळ्यांखाली काळं. माझा पहिला मालक पुण्याचा. त्यानं ठोसेवाल्या पत्त्यांना प्लॅस्टिकची पाकिटं घातली आणि मला खोक्याच्या तळाशी ठेवलं. त्याच्याकडून कॉलेजात शिकणाऱ्या पप्पूनं तो खेळ जुना म्हणून घेतला, आणि एसटीनं मी आण्याच्या पठारावरच्या त्याच्या गावी आले.

पप्पूच्या घरी तेव्हा तिघंच खेळायला तयार झाले. पप्पू, त्याची बारावीतली बहीण दिशा आणि त्यांचे वडील जालिंदर. खेळाला चौथा हवा होता. म्हणून आजीला हाक मारली, रतनबाईला. बोलावण्याचं कारण एवढंच.

रतनबाईनं जन्मभर मेंढरं राखली. गुडघ्यांनी दगा दिला तशी मागल्या साली बेल्ह्याच्या बाजारात सगळी विकावी लागली. तेव्हापासून ती पडवीत बसून असायची. घरात तिला दिवसातून एकच प्रश्न विचारला जाई, "आई, गोळी घेतली का?" दुसरं काही तिला विचारावं असं कुणाला वाटतच नव्हतं. मला याचा फार राग यायचा. तळाशी पडून राहणं म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं.

पप्पूनं विजेवाला घेतला, दिशानं उडणारी, जालिंदरनं कुऱ्हाडवाला. उरली बरं करणारी वैद्यीण; मी तिच्याच पत्त्यांतली. "ही आजीला दे. तिला कुठं काय कळतंय?" पप्पू म्हणाला. रतनबाईला पत्त्यावरचं इंग्रजी येत नव्हतं. तिनं मला डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाली, "ही बाय लई दमलीया रं." मला छापल्यापासून माझ्याकडे इतकं निरखून पाहणारी ती पहिलीच.

पण पहिल्याच डावात घोटाळा झाला. प्राण दाखवायला एक चकती असते. ती रतनबाईनं पदराखाली धरली होती. दिशानं विचारलं, "आजी, किती राहिले?"

"हायेत सगळी," रतनबाई म्हणाली.

राहिले होते दोन! पुढच्याच फटक्यात तिची वैद्यीण मेली आणि डाव गेला. पप्पू उखडला. "आजी, आकडा सांगायचा ना!"

"आकडा तोंडानं सांगायचा नसतो. दिष्ट लागती. चाळीस वर्सं मला लोकांनी इचारलं, रतने, मेंढरं किती? मी कुणाला सांगितला न्हाई."

"अगं, ही मेंढरं आहेत का?"

हसले सगळे. रतनबाई हसली नाही. त्यानंतर आणखी चार डाव हरले आणि दर वेळी खापर तिच्याच डोक्यावर फुटलं. खरं तर हरायचं कारण पप्पूची घाई होती. चित्रात त्या दुष्टाच्या तोंडात डोंगर आहे, म्हणून घरात त्याला डोंगरखाऊ म्हणतात. त्याच्या हाताखाली चेल्यांच्या पाच जागा. चेला मारला की रिकाम्या जागी ताज्या दमाचा नवा येतो. पप्पू मारत सुटायचा आणि ते येत राहायचे. पण उचलली जीभ लावली टाळ्याला! शेवटी त्यानं सांगून टाकलं, "येत्या रविवारचा डाव शेवटचा. हरलो तर पुढच्या खेपेला आजी उठेल, तिच्या जागी समर्थ बसेल. आणि ती वैद्यीण खेळातूनच काढू."

समर्थ म्हणजे त्याचा मित्र. रतनबाई नुसता पदर सारखा करत राहिली. आणि मला? मला पप्पूनं त्या डावाची वाट न बघताच घडी घालून टीव्हीच्या टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सारलं. सहा दिवस टीव्हीचा भार सोसला मी. कुरकुरले नाही, पण विसरलेही नाही.

रविवारी झाडताना रतनबाईनं मला ओढून काढलं. "तू हितं व्हय?" म्हणून लुगड्याला पुसलं. हाताला हळद होती, तिचा डाग माझ्यावर अजून आहे. मग ती मक्याच्या दाण्यांची वाटी घेऊन पडवीत बसली आणि चौघांपुढे बारा-बारा दाणे मांडले. "मेंढरं मी खड्यांवर मोजायची. तोंडानं बोलायचं न्हाई, डोळ्यानं बघायचं. आता समद्यांना समद्यांचं दिसंल."

जेवणं उरकून डाव मांडला. एक कोंबडी मधे घुसून जालिंदरचा एक प्राण खाऊन गेली, त्यावर दहा मिनिटं भांडण झालं. कोंबडीनं खाल्लेला प्राण गेला असं धरायचं नाही, असा रतनबाईनं निकाल दिला. आणि पहिल्यांदाच सगळ्यांनी तिचं ऐकलं.

तिच्याकडे जाळ्याचे पत्ते होते. जाळं टाकलं की चेला मरत नाही, जागच्या जागी अडकतो. "मारायचा कशाला?" ती म्हणाली. "मारला की दुसरा येतो. वाघरीत कोंडला की जागा बी अडली आन त्यो बी गप." वाघर म्हणजे मेंढरांभोवती रात्री लावायची जाळी. एकेक करून तिनं पाचही चेले कोंडले. नवा यायला जागाच उरली नाही. आता फटके मारायला डोंगरखाऊ एकटाच उरला. पप्पूचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मग सुरू झालं ते रखडत रखडत चालणारं, कंटाळवाणं, माझ्या आवडीचं काम. मी पडायची, तीन दाणे परत द्यायची, पत्ते फिरले की पुन्हा तिच्या हातात यायची. जालिंदरला वाचवलं, पप्पूला दोनदा वाचवलं. कुणी माझं नाव घेतलं नाही. नका घेऊ! ऊन पडवीतून उतरून अंगणात गेलं, तिकडे गाई हंबरायला लागल्या, तरी डाव चालूच.

डोंगरखाऊचे नऊ प्राण उरले. पप्पू गुडघ्यांवर उठून बसला. "आजी, ती मलमपट्टी टाकून दे आणि तीनचा ठोसा मार! सहा उरले की पुढच्या फेरीत मी एका दमात उडवतो."

"आई, मार," जालिंदरही म्हणाला.

पण ठोसा मारायचा तर नियमानं हातातला दुसरा पत्ता, म्हणजे मला, फेकून द्यावं लागणार होतं. आणि फेरी संपण्याआधी डोंगरखाऊची पाळी होती. रतनबाईनं दाणे बघितले. दिशापुढे दोनच होते. चुकली असती तर जागा गेलीच होती.

"घाई लांडग्याला आसती," ती म्हणाली, "आपल्याला न्हाई." आणि मला दिशापुढे टाकलं.

"गेला डाव!" पप्पूनं कपाळावर हात मारला. दिशानं डोंगरखाऊचा पत्ता उलटला. सगळ्यात अशक्त सुपरहिरोला चार प्राणांचा फटका.

सगळ्यात अशक्त दिशाच होती. पाचातले चार दाणे तिनं एकेक करून वाटीत टाकले. एक उरला.

पुढच्या फेरीत रतनबाईनं तीनचा ठोसा मारला आणि उरलेले सहा पप्पूच्या विजेनं उडवले. तो उड्या मारत ओरडला, "मारला! मी मारला!"

"मारलास रं, वाघा," रतनबाई म्हणाली. "पर तुला जित्ता कुणी ठिवला?"

पप्पू खाली बसला. मग दाणे गोळा करता करता त्यानंच हळूच विचारलं, "आजी, आपली किती राहिली?"

तिनं चौघांपुढच्या दाण्यांवरून नजर फिरवली.

"हायेत सगळी."

पुढच्या रविवारी समर्थ आला. रतनबाई जागची हलली नाही. पप्पूनं त्याला शेजारी पोतं अंथरून दिलं आणि म्हणाला, "तू आज नुसता बघ. आजी सांगेल तसं शिक."

आता माझ्या मधोमध टेबलाच्या पायाचा वळ आहे, कोपरा दुमडलाय, अंगावर हळद आहे. परवा पप्पू प्लॅस्टिकचं पाकीट घेऊन आला होता, मला घालायला. नको म्हणावं. मला रतनबाईच्या हातात राहू दे. तुमच्या घरातही पडवीत कुणी बसून असेल, जिला गोळीशिवाय काही विचारत नाही. तिला कीव म्हणून खेळायला बोलावू नका. हरायला लागाल तेव्हा बोलवा, आणि मग ती सांगेल ते मुकाट्यानं ऐका.