आवाजाला कुलूप नाही

परचुरे वकिलांच्या कसबा पेठेतल्या ऑफिसात संगणक आले आणि त्यांच्या मागोमाग साहेबांच्या डोक्यात संशयाचं भूत शिरलं. फायलींच्या खोलीवर अंगठ्याचं यंत्र बसलं, पासवर्ड दर सोमवारी बदलू लागले. सकाळी आल्या आल्या सगळ्यांचे मोबाइल बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जमा व्हायचे. डबा कपाटात, कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात. ज्युनियर वकील उत्कर्षा वाघमारेचं तो डबा पाहिला की पित्त खवळायचं. सनद मिळालेल्या वकिलाला शाळेतल्या पोरासारखं वागवायचं म्हणजे काय!

आणि एवढ्या बंदोबस्तात साहेब स्वतः मजकूर सांगायचे तो थेट कोर्टातल्या आवाजात. टायपिस्ट अनंत हातभर अंतरावर. पण साहेबांना जणू शिवाजीनगरच्या न्यायाधीशांना इथूनच ऐकवायचं असायचं. मधलं पार्टिशन प्लायवूडचं, छतापर्यंत न पोचलेलं. पलीकडे बाकावर पक्षकार. कुणाचा नवरा काय करतो, कुणाच्या भावाने कुठली जमीन लाटली, सगळं तिथे फुकट ऐकायला मिळायचं. उत्कर्षा एकदा म्हणाली होती, "सर, जरा हळू सांगता का?"

"हा आवाज ऐकून लोक माझ्याकडे येतात, वाघमारे. तुमचा अजून कुणी ऐकलेला नाही."

त्या दिवशी साहेब सकाळपासूनच पेटलेले होते. कारण हिराची केस. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती बिबवेवाडीला मैत्रिणीकडे लपली होती आणि पत्ता फक्त या ऑफिसाला ठाऊक होता. साहेबांनी अर्जाचा मजकूर सांगितला आणि दोन दिवसांत नवरा पियुष माणसं घेऊन मैत्रिणीच्या दारात हजर. शेजारी धावले म्हणून जीव वाचला, पण हिराचा हात मोडला. मग उत्कर्षाने तिला स्वतःच्या मावशीकडे नेऊन ठेवलं आणि तेवढं साहेबांच्या कानावर घातलं.

"पत्ता फुटला कसा?" साहेबांनी उत्कर्षाला केबिनमध्ये उभं केलं, बसा म्हणाले नाहीत. "यंत्र आहे, पासवर्ड आहेत. म्हणजे माणूसच फितूर."

"कोणता माणूस, सर?"

"पियुषच्या बापाच्या जमिनी तुमच्या येरवड्याकडेच आहेत ना?"

उत्कर्षाची कानशिलं तापली. अनंतला कुणी काही विचारलं नव्हतं; तो साहेबांच्या आतेभावाचा मुलगा. विचारायचं ते येरवड्याहून येणाऱ्या वाघमारेला.

"पत्ता तुम्हीच ओरडून सांगितलात, सर. बाकावर कोण बसलंय, ते कधी पाहता का?"

"मला शिकवू नका!" साहेबांचा आवाज पार्टिशन ओलांडून गेला. "त्या बाईला तुम्ही येरवड्याला, तुरुंगामागच्या चाळीत, तुमच्या मावशीकडे ठेवलीत. तिथेही नवरा पोचला, तर चोर कोण ते सगळ्यांना कळेल!"

पलीकडे बाक करकरला. उत्कर्षाने दार उघडून पाहिलं. भाडेकरार करायचाय म्हणून रोज येऊन बसणारा तो जाडजूड गृहस्थ धडाधड जिना उतरत होता. कित्येक दिवस तो आपला नंबर दुसऱ्यांना देत बसला होता आणि एकदाही कुरकुरला नव्हता. पुण्यात ताटकळूनही न चिडणारा माणूस म्हणजे काहीतरी घोटाळा, हे आपल्यालाही कळू नये याचा तिला भयंकर राग आला.

"सर, किल्ली द्या!"

"कसली?"

"कपाटाची! मावशीचा नंबर मोबाइलमध्ये आहे. तो माणूस पियुषचा होता, आणि पत्ता त्याने आत्ता तुमच्याच तोंडून ऐकलाय!"

साहेबांचा चेहरा उतरला. एक खिसा चाचपला, मग दुसरा. किल्ली काही केल्या सापडेना. अखेर सापडली तेव्हा उत्कर्षाने ती हिसकावूनच घेतली. मोबाइल उचलून ती खाली धावली, थेट तांबट आळीत, आणि मोबाइल तोंडाशी धरून तिने मावशीला फोन लावला. हंडे ठोकण्याच्या त्या आवाजात शेजारी उभ्या माणसालाही तिचं बोलणं कळलं नसतं. मावशीचा उलटा फोन येईपर्यंत ती तिथून हलली नाही.

वर आली तेव्हा साहेब खुर्चीच्या कडेवर बसले होते.

"वाचली?"

"वाचली. मावशीने तिला मागच्या दाराने काढली."

"कुठे पाठवलीत आता?" साहेबांनी विचारलं, आणि आवाज इतका खाली आला होता की अनंतलाही ऐकू गेला नाही.

उत्कर्षाने डब्याकडे पाहिलं आणि मोबाइल आपल्या पर्समध्ये टाकला.

"ते या ऑफिसात कुणालाही सांगणार नाही, सर."