कानातला कापूस

मित्रांनो, मी एक जुना मिक्सर आहे. स्वयंपाकघरात वाटण करतो तो नव्हे; तसं कुणी समजलं तर माझं डोकंच फिरतं. कार्यक्रमातले सगळे माईक मला जोडतात. मी त्यांचे आवाज कमी-जास्त करून एकत्र करतो आणि स्पीकरकडे पाठवतो. म्हणजे जन्मभर मी माणसांचं बोलणं ऐकत आलो. त्यात ऐकण्यासारखं फार थोडं होतं.

मला दादांनी स्वतःच्या हातांनी बनवलं. शिंप्याच्या आणि सायकलवाल्याच्या मधल्या चिंचोळ्या गाळ्यात त्यांची साउंड कंपनी सुरू झाली. कंपनी कसली! दोन कर्णे, एक हातगाडी आणि दादांचा धाकटा भाऊ. कर्णे तरी कामाचे होते.

मग लग्नं आली, भाषणं आली, नाटकं आली. माईकसमोर येणारा प्रत्येक शहाणा आधी त्याला टिचक्या मारायचा, मग फुंकायचा. फुंकायला तो काय चुलीतला विस्तव आहे? एक वक्ते म्हणाले, ‘मला माईकची गरज नाही.’ आणि मग जेवणाची वेळ टळली तरी त्यांनी तो सोडला नाही.

दादा मात्र दर कार्यक्रमाआधी सगळ्यांत मागच्या रांगेत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसायचे. म्हणायचे, “पुढच्यांचं काय, ते तोंडाकडे बघूनही समजून घेतात. मागच्या कोपऱ्यात शब्द कळला पाहिजे.” त्या एका खुर्चीच्या जिवावर कंपनी मोठी झाली. शाळांत, न्यायालयांत कायमची ध्वनियंत्रणा बसवण्याची कामं मिळू लागली. धाकट्या बंधूंनी ऑफिस थाटलं, फिरती खुर्ची घेतली आणि सगळं जणू आपणच केलं अशा थाटात ते मिरवू लागले. स्पीकर आणि खोका यांतला फरक त्यांना आजही सांगता येत नाही.

पण वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात उभं राहून दादांचे कान गेले. पूर्ण नाही, पण बारीक, तीक्ष्ण आवाज त्यांना ऐकू येईनासे झाले. हे त्यांना कळलं नाही, मला कळलं. तीक्ष्ण आवाजांचं एक बटण माझ्यावर आहे. दादा ते पूर्वी मध्यावर ठेवायचे. पुढे जरासं फिरवू लागले, मग आणखी जरासं. “आवाज गढूळ वाटतोय,” म्हणत ते बटण पिळायचे आणि बाकीच्यांच्या कानात सुया टोचायच्या.

मग कुणी सांगितलं त्यांना? छे! मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? कामगार कानात कापूस घालून कामाला येऊ लागले आणि वर “वा दादा, काय स्वच्छ आवाज!” म्हणू लागले. धाकट्यांचा कापूस सगळ्यांत जाड. दादांची मुलगी शिडीवर चढून वायरी ओढायची, तिलाही सगळं कळत होतं. पण बापापुढे तीही मूग गिळून गप्प. मला एकेकाची किळस यायची.

अशात एका शाळेच्या नव्या सभागृहाचं काम आलं. अशा ठिकाणी आवाज एकदाच ठरवतात आणि यंत्र कपाटात कुलूपबंद करतात. दादा आधी माझ्यावर आवाज लावून बघायचे आणि मग तस्साच नव्या यंत्रात उतरवायचे. म्हणजे ते आज जे ठरवतील, ते त्या शाळेतल्या पोरांनी रोज ऐकायचं.

चाचणीसाठी पहिलीची मुलं आणून बसवली. बाईंनी माईक हातात घेतला आणि अर्थातच त्याला टिचकी मारली. दादांनी बटण शेवटपर्यंत पिळलं. स्पीकरने अशी शिट्टी मारली, की सगळ्या पोरांनी कान दाबले. एक तर भोकाडच पसरून रडायला लागलं.

“द्वाड आहेत पोरं,” दादा म्हणाले.

“झकास झालंय!” धाकटे म्हणाले. “लावू का कुलूप?”

तेव्हा मुलगी शिडीवरून खाली उतरली. तिने दादांच्या हातावर हात ठेवला.

“बाबा, शिट्टी वाजतेय.”

“कुठे? मला नाही ऐकू येत.”

“तेच सांगतेय, बाबा.”

दादांनी तिच्याकडे पाहिलं. कान दाबून बसलेल्या पोरांकडे पाहिलं. मग भावाजवळ गेले आणि त्याच्या कानातला कापूस चिमटीत धरून ओढून काढला.

“हे कधीपासून?”

“अरे दादा, तुला वाईट वाटेल म्हणून...”

“मला वाईट वाटू नये म्हणून या लेकरांचे कान फोडायचे?”

धाकटे दुसऱ्या कानातला कापूस हळूच आत ढकलू लागले.

दादा माझ्यापासून बाजूला झाले. “बस,” ते मुलीला म्हणाले, “आता तू लाव.” आणि रडणाऱ्या पोराचं बोट धरून मागच्या कोपऱ्यात, आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसले. माझ्या बटणांना त्यांच्या बोटांची सवय होती. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. मुलीने बटण मागे आणलं, तशी शिट्टी गेली. बाई पुन्हा बोलल्या.

“बाबा, मागे कळतंय का?”

दादांनी शेजारच्या पोराकडे पाहिलं. पोराने डोळे पुसत मान डोलावली. मग दादांनी हात वर केला.

“याला कळतंय. लाव कुलूप.”

आता मी ऑफिसात काचेच्या पेटीत असतो. ‘आमचा वारसा’ अशी पितळी पाटी धाकट्यांनी माझ्याखाली ठोकली आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते माझी माहिती देतात, सगळी चुकीची. दादांच्या कानात हल्ली छोटं यंत्र असतं. धाकटे बोलायला लागले, की दादा ते काढून खिशात ठेवतात.

जुन्या वस्तू जपा वगैरे मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्यावर धूळ बसली तर बसू दे. कान मात्र जपा. आणि आपल्या माणसाला ऐकू येईनासं झालं, तर त्याचा हात धरून त्याला तसं सांगा. कानात कापूस घालून ‘वा, वा’ करणारे आमच्या कंपनीत भरपूर आहेत. तिथे आता एकही जागा रिकामी नाही.