माझ्या काळेपणाचा तोरा

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. काळी कुळकुळीत. रंग मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्या रंगानेच घडवलं.

माझा जन्म सांगवीच्या आबाजींच्या मेंढरांच्या लोकरीतून झाला. त्यांच्या बायकोने, बानूबाईने, ते सूत कातलं. विणकराने मला मागावर विणलं आणि चिंचोक्यांची खळ देऊन उन्हात ताणून वाळवलं. त्या खळीने अंगात जो ताठा आला, तो अजून पुरता गेलेला नाही. आबाजी मेंढरांमागे रानोमाळ हिंडायचे, तेव्हा पाऊस मी झेलायचे, थंडी मी अडवायचे. एक टोक डोक्यावर दुमडून माझी खोळ घेतली आणि अंधारात बांधावर बसले की लांडग्यालाही त्यांचा पत्ता लागत नसे. "ही अंगावर असली की मी कुणाला दिसत न्हाय," असं ते चारचौघांत सांगायचे. मी फुशारून जायचे. आमच्या घरात घोंगडीला कात्री लावायची नाही, असा दंडकच होता. मी देवापुढे अंथरायची वस्तू, काय समजलात!

पुढे मेंढरं विकली, बानूबाई देवाघरी गेली आणि मी पत्र्याच्या पेटीत पडले. वर मऊमऊ फुलाफुलांची ब्लँकेटं रचलेली. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मग आबाजींची सून मनिषा बारामती एमआयडीसीत दुधाच्या पिशव्या भरायच्या कामाला लागली. साखर कारखाने सुरू झाले की बारामतीच्या चौकांत उसाचे ट्रॅक्टर, शाळेच्या बसगाड्या आणि कामगारांच्या मोटारसायकली यांची एकच गर्दी उसळते. मनिषाची स्कूटी त्यात अडकायची. उशीर झाला की मुकादम दारातूनच माघारी पाठवायचा. म्हणून तिने शहर टाळून कालव्याच्या भरावावरून, जळोची गावाच्या अंगाने जायचं ठरवलं. त्यासाठी उजाडायच्या आत निघावं लागे. गर्दी टळली, पण धुकं आणि थंडी गळ्यात पडली. रोज बोटं आखडायची. तिचा नवरा समर्थ म्हणू लागला, असला रस्ता असेल तर नोकरीच नको. मनिषाला मात्र ती काही झालं तरी सोडायची नव्हती. लग्नानंतर पहिल्यांदाच तिला स्वतःचं असं काही मिळालं होतं.

तेव्हा आबाजींनी पेटी उघडली. मला झटकलं, सुनेच्या डोक्यावर माझी खोळ घातली आणि गळ्याशी सुतळीने बांधली. मी तिला अशी ऊब दिली की ती वाटेत गुणगुणायला लागली. ब्लँकेटांची जिरली, असं मला वाटलं.

एके सकाळी धुकं इतकं दाट होतं की स्कूटीचा उजेड चाकापुढे पडून तिथेच संपत होता. एका बाजूला तुडुंब कालवा, दुसऱ्या बाजूला उतार आणि उसाचा फड. मागून ट्रॅक्टरची घरघर ऐकू आली. मनिषा कडेला सरकली. घरघर वाढत गेली, पण वेग काही कमी होईना. ट्रॅक्टरच्या दिव्यांचा उजेड माझ्या पाठीवर पडला. मी तो सगळा उजेड गिळून टाकला. मित्रांनो, मला तेवढंच येतं. शिवाय माझा खालचा काठ स्कूटीच्या मागच्या लाल दिव्यावर पसरला होता, आणि ते आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

मनिषाने एकदा मागे पाहिलं आणि स्कूटी सरळ उतारावरून उसात घातली. ट्रॅक्टर आणि त्याच्या मागच्या दोन्ही ट्रॉल्या थडथडत पुढे गेल्या आणि मग थांबल्या. ट्रॅक्टर चालवणारा नागेश धावत आला. "वैनी, लाल दिवाच दिसला न्हाय हो," तो म्हणाला. मग त्याने स्कूटी उभी केली आणि माझा काठ उचलला. खाली दिवा जळतच होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मनिषाचं कोपर सोलवटलं, तेवढ्यावर निभावलं. घरी समर्थ म्हणाला, आता पुरे झालं. ती चुलीकडे तोंड करून बसून राहिली. आबाजी बराच वेळ मला मांडीवर घेऊन बसले होते. मग त्यांनी कात्री मागितली.

"आबा, नगं. आत्याबाईंच्या हातचं सूत हाय," मनिषा म्हणाली.

"सूत तिचं हाय, पर चूक माझी हाय. तू कामाला जायाचं," आबाजी म्हणाले, आणि ज्यांनी जन्मात मला पातं लागू दिलं नव्हतं त्यांनीच दिवा झाकणाऱ्या खालच्या काठाकडून मला आडवी कापली. दुखलं का, म्हणाल तर दुखलं. मग नागेशने ट्रॉलीला लावायची चमकती पट्टी आणून दिली. आबाजींनी ती दाभणाने माझ्या पाठीवर शिवली.

आता मागून दिवे आले की माझी पाठ लखलखते आणि गाड्यांचा वेग कमी होतो. जिचं कौतुक न दिसण्यासाठी झालं, ती मी आता दिसण्यासाठी मिरवते. मित्रांनो, आपल्या माणसाला ऊब जरूर द्या, पण तो निघण्याआधी एकदा त्याच्या मागे जाऊन उभे राहा आणि दिवा दिसतो का ते बघा.

आबाजी रोज तेच करतात. माझा कापलेला तुकडा खांद्यावर घेऊन ते दारात उभे असतात. स्कूटीचा लाल दिवा वळणाआड जाईपर्यंत ते आत जात नाहीत. माझा एक भाग मनिषाबरोबर जातो आणि दुसरा घरी तिची वाट बघतो.